कमरपट्टा

तुर्भ्याच्या दुकानदारानं विचारलं, साइज काय?
मला माझा साइज माहीत नव्हता.
आजवर लेंग्याची नाडीच सांभाळून घ्यायची सगळं,
जेवलो की सैल, उपास पडला की घट्ट.
त्यानं टेप फिरवला, छत्तीस म्हणाला,
आणि मी उगाच लाजलो,
खिशात लपवलेलं काही सापडल्यासारखा.

काळा पट्टा. आत चार पोलादी पात्या,
कण्याच्या दोन इकडे, दोन तिकडे,
नवरीच्या करवल्यांसारख्या उभ्या.
साडेसातशे रुपये.

शालननं उलटसुलट करून बघितला.
लग्नात कबूल केलेला चांदीचा कमरपट्टा
एकवीस वर्षं झाली, अजून सोनाराकडंच आहे.
ती एवढंच म्हणाली,
"बरं झालं. घरात एक तरी आला.
घुंगरं नाहीत तेवढी."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं:
उचलताना बांधा, ठेवलं की सोडा.
दिवसभर आवळून फिरलात
तर पाठ स्वतःचं काम विसरेल.
आणि पट्टा आहे म्हणून
एकाच्या जागी दोन गोण्या घेऊ नका,
तो तिसरा हात नाही.
कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका.
मी हो हो म्हणालो.
सव्वीस वर्षं वाकतोय,
कुठं वाकतोय ते कुणी विचारलं नव्हतं.

पहाटे चारला निफाडची गाडी लागते.
पट्टा शर्टाच्या आत.
टोळीत आम्ही सगळं सांगतो,
साखर वाढल्याचं, दाढ काढल्याचं,
पोरानं कॉलेज सोडल्याचंसुद्धा.
कमरेचं सांगत नाही.
कमरेचं कळलं की मुकादम सर्जेराव
फार मायेनं बोलायला लागतो,
आणि त्याची माया परवडत नाही.

पहिली गोणी. पाठीला कुणी तरी
मागून हात लावल्यासारखं वाटलं.
दहावीला तर वाटलं, पंचवीस वर्षांचा झालो,
आणि तिथंच मी दोन मागितल्या.
त्या दोन गोण्यांबद्दल काही बोलत नाही.
शालनला हे वाचून दाखवायचं झालं
तर एवढं कडवं गाळीन.

दुपारी गाळा शांत झाला.
बाराच्या उकाड्यात पट्ट्याखाली खाजत होतं,
मी थप्पीमागं गेलो,
शर्ट वर केला, आणि चोरासारखा
एक एक बोट सोडवायला लागलो.
तो पट्टा हळू सुटतच नाही.
चर्रर्र.

कांद्यानंसुद्धा ऐकलं असेल.

मग थप्पीच्या पलीकडून,
चर्रर्र.
मग वरून, जिथं जोतीराम आडवा झाला होता.
मग लांब, वजनकाट्याशेजारी,
सर्जेरावच्या खुर्चीकडून एक,
जरा जुना, दमलेला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
वरून जोतीरामनंच विचारलं,
"केवढ्याला घेतलास?"
"साडेसातशे."
"फसलास. ठाण्यात साडेपाचशेला मिळतो."

संध्याकाळी कोपरखैरण्याच्या खोलीत
शालन पिन घेऊन बसली,
पट्ट्याच्या काट्यांत अडकलेली
कांद्याची टरफलं काढत.
काढून झाल्यावर उठताना
तिनं भिंतीला हात लावला.
रोज लावते. आज दिसला.

मग तिनं सहज, गंमत म्हणून,
तो स्वतःला गुंडाळून बघितला.
हसली. नंतर हसायची थांबली
आणि तशीच उभी राहिली,
ओट्याकडं पाठ करून, बराच वेळ,
चार घरची भांडी घासून आलेली बाई.
"मला जरा सैल होतो," म्हणाली.

घरात टेप नव्हता.
मी वितीनं मोजलं.
साडेतीन विती, वर दोन बोटं.
माप लक्षात ठेवलंय.
सोनाराला सांगायचं की ठाण्याच्या दुकानदाराला,
ते अजून ठरत नाही.